दुसऱ्याच्या ताटातलं

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या भारी हॉटेलात रात्री जेवायला जायचं, तर पहिला कोर्स रस्त्यातच वाढला जातो. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ. आठचं टेबल सांगितलेलं असतं आणि पावणेनऊला आपण मेट्रोच्या खांबाकडे बघत बसलेलो असतो. मग कुठल्याशा गल्लीत आत वळलं की एकदम कौलारू बंगला, हिरवळ, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. बंगला साहेबाच्या काळातला वाटावा अशी सगळी सोय केलेली. कौलं तेवढी लालभडक, शेवाळ धरायलाही अजून त्यांना सवड मिळालेली नाही.

आम्ही कॉलेजपासूनची मित्रमंडळी. एरवी आमची धाव तहसील कार्यालयाजवळच्या मामलेदार मिसळीपर्यंत. तिथे पाव कोणाचा नि तर्री कोणाची याची कोणी चौकशी करत नाही. इथे मात्र बसल्या बसल्या प्रत्येकासमोर काटेचमच्यांची फौज लागली. उडप्याकडे ‘बिसलेरी की साधं?’ विचारतात, इथे ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ आम्ही एका सुरात ‘साधं’ म्हणालो. वाढणारा पोरगा हसला नाही. मला तो तिथेच आवडला.

मेनू वाचायला पाचदहा मिनिटं गेली, कारण पदार्थाच्या नावातच त्याचं गाव, कुळ आणि कृती दिलेली. एका मैत्रिणीने उजवीकडचे आकडे बघून ‘मला भूकच नाही’ म्हणत फक्त सूप सांगितलं. बाकीच्यांनी धीर केला. माझ्यासमोर आली ती परातीएवढी पांढरी बशी. मधोमध पापलेटचा दोन बोटं तुकडा, बाजूला आमसुलाचे तीन थेंब, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत उतरत गेलेले, आणि वर सोलकढीचा फेस. फोटो काढेपर्यंत फेस बसला. चव मात्र, खोटं कशाला बोला, सुरेख होती. इतकी, की माझ्या तोंडून नको ते निघून गेलं: ‘अरे, हे खाऊन बघा!’

झालं. समोरून काटा आला, डावीकडून चमचा आला, धाकटा थेंब कोणीतरी बोटाने पुसून नेला. मग मशरूमची बशी माझ्याकडे, माझी पलीकडे. आंबेमोहोराच्या रिसोटोवर ‘हा तर आईचा मऊ भात, चीज घातलेला’ असा शेरा मारत दोघांनी तो निम्मा संपवला. सूपवाली चमचा हातात धरून सगळ्या टेबलाची पाहणी करत होती.

अशा हॉटेलांची सगळी मांडणीच मुळी याच्या विरुद्ध असते. एक बशी, एक माणूस, एका वेळी एक पदार्थ. पण ही एकामागून एक वाढण्याची पद्धत युरोपात रुळली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिला म्हणतात रशियन पद्धत. त्याआधी फ्रेंच दरबारी थाटाच्या जेवणात सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत, ज्याने त्याने हवं ते घ्यावं. म्हणजे आम्ही अडाणी नव्हतो, जरा जुन्या वळणाचे होतो. शिवाय आपल्या ताटातही डावीकडे लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी असं सगळं एकदमच असतं. पुढे काय येणार याची धाकधूक नाही, आणि कशासाठी पोटात जागा ठेवायची हे आधीच ठरवता येतं.

त्या पोरग्याने आमचं वळण ओळखलं. पुढच्या खेपेला त्याने काही न विचारता मधे छोट्या रिकाम्या बशा आणून ठेवल्या, मटणाची हाडं मोकळी करून दिली आणि केकचा तुकडा आतूनच मोजून कापून आणला. इतक्या महागड्या ठिकाणी सर्व्हिस म्हणतात ती हीच असावी. नॅपकिनचा हंस नव्हे.

बिल आलं तसं आमच्यातल्या सीएने चष्मा लावला. जेवणावर पाच टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा नि अडीच राज्याचा. दारू जीएसटीत येत नाही, म्हणून तिच्यावर व्हॅट. इथवर ठीक. त्याखाली मात्र सर्व्हिस चार्ज. तो सरसकट लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय, हे त्याने आम्हाला तारखांसकट ऐकवलं. तो चार्ज काढायला लावला आणि तेवढेच पैसे रोख त्या पोरग्याच्या हातात दिले.

उरलेल्या रकमेचे सारखे वाटे झाले, तेव्हा सूपवाली म्हणाली, ‘पण मी तर फक्त सूप घेतलं होतं!’

तिच्या काट्याला तेव्हाही आमसूल लागलेलं होतं. वाटा घेतला.