ते स्पिटफायर नको

"काका, पोराला रिमोटचं विमान घ्यायचंय. पहिलं कुठलं घेऊ?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारून झालाय. विचारणाऱ्याच्या मोबाइलवर बहुतेक वेळा स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या मॉडेलचा फोटो आधीच उघडलेला असतो, म्हणजे माझ्याकडून फक्त 'हो' हवं असतं. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, ते नको.

माझं पहिलं विमान स्पिटफायरच होतं. दहाएक सेकंद उडालं आणि उसात शिरलं. दीड तास शोधलं, पात्यांनी हात ओरबाडून निघाले. बॅटरी एका सरीत, शेपूट तिसऱ्या सरीत. विमानाचा दोष नव्हता. लढाऊ विमानाचा घाटच चपळाईसाठी. ते कललं की तुम्ही सावरेपर्यंत कललेलंच राहतं. नवख्याला मात्र 'आता रिमोटवरची कुठली स्टिक?' हे आठवायलाच दोन सेकंद लागतात.

म्हणून दुकानात विमान समोरून बघा. पंख धडाच्या वर हवेत आणि दोन्ही टोकं थोडी उचललेली, पसरट 'व्ही'सारखी. याला डायहेड्रल म्हणतात. असं विमान कललं की त्या बाजूला घसरायला लागतं, खालच्या पंखाखाली वारा जास्त कोनातून येतो आणि तो पंख वर उचलला जातो. पुरेशी उंची असेल तर स्टिक सोडून दिल्या तरी बऱ्याचदा ते आपलं आपण सावरतं. थ्रॉटल (मोटरचा वेग), एलेव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (डावं-उजवं वळण) एवढे तीन चॅनेल, म्हणजे रिमोटवरून चालवायच्या तीन गोष्टी, सुरुवातीला पुरतात. एलेरॉनचं, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपांचं, पुढच्या विमानात बघू.

बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान देखणं असतं, पण महिनाभराची मेहनत एका आपटीत काडेपेटी होते. ईपीओ नावाच्या लवचीक फोमचं घ्या, मोडलं तर संध्याकाळपर्यंत चिकटतं. थर्माकोलच्या विमानाला मात्र फेविक्विक लावू नका, थर्माकोल विरघळतो. (हे मला कसं कळलं ते विचारू नका.)

पैसे घालायचेच तर रिमोटमध्ये घाला. विमानं येतील-जातील, सहा चॅनेलचा बरा रिमोट पुढच्या दोन-तीन विमानांना चालेल. विमानाची ११.१ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी गादीवर ठेवून चार्ज करायची नाही आणि फुगली तर वापरायची नाही.

उडवण्याआधी आठवडाभर सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सरावाला, बसा. विमान तुमच्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि निम्मी विमानं तिथेच जातात. मला एका जुन्या उडवणाऱ्याने एकच वाक्य दिलं होतं: "समोरून येतंय ना? मग जो पंख खाली, तिकडे स्टिक." अजूनही मी ते मनात म्हणतो.

वारा पडलेला असतो तेव्हा, सकाळी सातच्या आत मैदानावर या. लोहगावसारख्या विमानतळाच्या आसपास मात्र उडवायचं नाव काढू नका, आणि आपली जागा कुठल्या झोनमध्ये येते ते ड्रोनच्या सरकारी नकाशावर आधी बघा. मैदानाशेजारी कुठलं पीक आहे तेही बघून ठेवा. भुईमूग चालेल. ऊस नको.