हांगचौमधले पहिले काही आठवडे: सिम, बँक, पासपोर्ट आणि माझं लांबलचक नाव

आमच्या कॉलेजच्या ज्युनिअर पोरी सारखं विचारतात की ताई, चायनात गेल्यावर नेमकं काय काय करायला लागतं, आणि दरवेळी व्हॉइस नोट पाठवून पाठवून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी इचलकरंजीची, टेक्स्टाइलमध्ये बी.टेक. केलं आणि सप्टेंबर २०२४ ला मास्टर्ससाठी हांगचौला आले, चायनीज गव्हर्नमेंट स्कॉलरशिपवर. हांगचौच का, ते टेक्स्टाइलवाल्यांना सांगायला नको, रेशमाचं गाव आहे, चायनाचं नॅशनल सिल्क म्युझियम इथंच आहे.

कोर्सबद्दल नंतर कधीतरी. पहिले काही आठवडे अभ्यास डोक्यातच नसतो, सगळं डोकं कागदातच जातं. आणि हा सगळा खेळ क्रमाचा आहे, म्हणजे पासपोर्टशिवाय सिम मिळत नाही, सिमशिवाय बँकेत खातं उघडत नाही, खात्याशिवाय मोबाइल पेमेंट धड चालत नाही, आणि हे सगळं चालू असताना मधेच पोलीस खातं तुमचा पासपोर्टच जमा करून घेतं.

शिकायला येणाऱ्यांना एक्स-वन नावाचा व्हिसा मिळतो. तो फक्त आत शिरायला असतो, आल्यापासून ३० दिवसांच्या आत रेसिडेन्स परमिटसाठी (राहण्याचा परवाना, तो पोलीस खातं देतं) अर्ज करायलाच लागतो. ॲडमिशन नोटीस आणि जेडब्ल्यू २०१ फॉर्म (स्टुडंट व्हिसासाठीचा चायनाचा सरकारी फॉर्म, स्कॉलरशिपवाल्यांना २०१, स्वखर्चाने येणाऱ्यांना २०२) यांच्या ओरिजिनल कॉपी हँडबॅगेतच ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका, कारण एअरपोर्टपासूनच त्या लागतात. तेव्हा इंडिया-चायना डायरेक्ट फ्लाइट बंदच होती, २०२० पासून, त्यामुळं मी मुंबईहून बँकॉकमार्गे आले. वीचॅटही (इथलं व्हॉट्सॲपसारखं ॲप) आपल्याकडं २०२० पासून बॅन, म्हणून ते बँकॉक एअरपोर्टवर बसून टाकलं, आणि नवीन अकाउंटला जुन्या युजरनं व्हेरिफाय करायला लागतं ते माझ्या चिनी बडीनं (युनिव्हर्सिटी प्रत्येकाला एक स्टुडंट व्हॉलंटियर देते) तिकडून करून दिलं. आपलं भारतातलं सिम रोमिंग चालू करून आणा, महाग पडतं पण दोन कारणांसाठी लागतंच. एक म्हणजे बँकेचे ओटीपी, आणि दुसरं म्हणजे रोमिंगवर व्हॉट्सॲप चालतं, जे हॉस्टेलच्या वायफायवर अजिबात चालत नाही. मम्मीला "पोचले" एवढं तरी कळवता येतं. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, त्यामुळं तिचा "जेवलीस का गं" असा मेसेज यायचा तेव्हा मी झोपलेली असायचे.

हॉस्टेलला पोचलं की २४ तासांच्या आत पोलिसात राहण्याची नोंद व्हायला लागते, तो कायदाच आहे. कॅम्पसमध्ये राहत असाल तर शक्यतो ऑफिसच करून देतं आणि एक छापील कागद देतं, तो जपून ठेवा, पुढं परमिटला लागतो. बाहेर फ्लॅट घेणाऱ्यांना मात्र स्वतः पोलीस चौकीत जायला लागतं.

मग मेडिकल. मी सांगलीहून सगळं करून नेलं होतं, एक्सरे, ईसीजी, रक्त, फॉर्मवरच्या फोटोवर हॉस्पिटलचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर असा आडवा मारून (तसाच लागतो, नुसता खाली मारलेला चालत नाही). रिपोर्ट सहा महिन्यांच्या आतला पाहिजे. इथं ते सगळं तपासून बघतात आणि जे पटत नाही ते परत करायला लावतात. माझं रक्त परत घेतलं, बाकीचं चाललं. उपाशीपोटी बोलावतात, आणि रांगेत जगभरातली पोरं पोट धरून उभी, घाना, पाकिस्तान, कझाकस्तान, सगळे एकमेकांकडं बघून हसतायत. माझी पहिली मैत्रीण मला त्या रांगेतच मिळाली.

आता नावाचं. हा भाग नीट वाचा, कारण हे कुणी सांगत नाही. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं नाव अधिक वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. इथल्या लोकांची नावं दोन किंवा तीन अक्षरांत संपतात. त्यामुळं काउंटरवरच्या पोरीपुढं आपलं ते आगगाडीसारखं नाव आलं की ती तिला सुचेल तसं भरते. मला सिम देणाऱ्या दुकानात आधी माझं नाव मग वडिलांचं मग आडनाव, सगळं जोडून, एकही स्पेस नाही. बँकेत आधी आडनाव, मग बाकीचं, मधे स्पेस. दोन्हीकडं पासपोर्ट तोच, फोटो तोच, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळ्या बायका.

इथं खातं, फोन नंबर आणि पेमेंट ॲप या तिन्हीकडचं नाव तंतोतंत जुळायला लागतं. माझं जुळेना. ॲप म्हणतंय माहिती चुकीची आहे, बँक म्हणते आमच्याकडं बरोबर आहे, सिमवाला म्हणतो पासपोर्ट घेऊन ये बदलून देतो. आणि पासपोर्ट तोवर गेलेला परमिटला! तिथं एक पावती देतात, फोटोवाली, ती घेऊन मी सिमच्या दुकानात गेले तर तो मान हलवतो, ओरिजिनलच पाहिजे.

मधल्या काळात भारतातलं व्हिसा कार्ड अलिपेला (इथलं एक पेमेंट ॲप) जोडून दिवस काढले. ते २०२३ पासून बऱ्यापैकी चालतं, दुकानात, मेट्रोत सगळीकडं क्यूआर दाखवायचा, फक्त २०० युआनच्या वरच्या पेमेंटला तीन टक्के जादा कापतात, म्हणून मोठी खरेदी असेल तर मी दोन तुकड्यांत बिल करायला सांगायचे, दुकानदार हसत हसत करायचे पण. रुपे कार्ड विसरा. आणि अडायचं कुठं तर कॅन्टीनचं कार्ड रिचार्ज करताना, तिथं परदेशी कार्ड चालेना, मग बडी तिच्या फोनवरून भरायची आणि मी तिला नोटा द्यायचे. ती त्या नोटा घडी करून पुस्तकात ठेवायची, खर्चायच्या कुठं हा तिला प्रश्न. स्कॉलरशिपचे मास्टर्सवाल्यांचे महिन्याला ३,००० युआन इथल्याच खात्यात येतात, म्हणजे तिथलं नाव चुकलं की तेही लटकलं.

तर उपाय सोपा आहे आणि तो काउंटरवरून उठायच्या आधीच करायचा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी असतात ना, मधेमधे << अशा खुणा असलेल्या, त्यात तुमचं नाव ज्या क्रमाने आहे (आडनाव आधी) त्याच क्रमाने, मोठ्या लिपीत, एका चिठ्ठीवर लिहून न्या आणि सिमवाला, बँक, युनिव्हर्सिटी, सगळीकडं तीच चिठ्ठी पुढं करा. स्पेस द्यायची की नाही ते एकदाच ठरवा. प्रिंट निघाली की अक्षर न् अक्षर वाचा, मागं रांग असली तरी. आणि हे सगळं पासपोर्ट पोलिसांकडं जायच्या आधी उरका. आमच्या बॅचच्या एका नेपाळी पोरानं असंच केलं, त्याला काही म्हणजे काही त्रास झाला नाही, आणि त्याचं नाव माझ्यापेक्षा लांब.

परमिटची फी एक वर्षाच्या आतलं असेल तर ४००, एक ते तीन वर्षांचं असेल तर ८०० युआन. पासपोर्ट ते तीनेक आठवडे ठेवून घेतात, घाबरू नका.

खाण्याचं विचारत असाल तर मी अंडं खाते, त्यामुळं टोमॅटो-अंडं आणि भात यावर जगले. पूर्ण शाकाहारी असाल तर अवघड आहे पण उपासमार नाही. "वो छ् सू" म्हणजे मी शाकाहारी, एवढं पाठ करा, तरी भाजीत बारीक मटणाचे कण येतातच कारण त्यांच्या मते तेवढं चवीपुरतं असतं. एकच ठिकाण डोळे झाकून खाण्याचं, लिंगइन मंदिराजवळची शाकाहारी नूडल्स. हे मंदिर चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूनं स्थापन केलं, आणि समोरच्या डोंगराचं नाव फेलाय फंग, म्हणजे उडून आलेला डोंगर, कारण हुइली म्हणाला म्हणे की हा तर आपल्या गृध्रकूटासारखा (बिहारमधल्या राजगीरचा डोंगर) दिसतो, इकडं कधी उडून आला. मला ते ऐकून जाम बरं वाटलं, बिचाऱ्याला जवळजवळ सतराशे वर्षांपूर्वी घरची आठवण आलेली दिसते. त्याला निदान सिम कार्ड घ्यायचं नव्हतं.

पहिल्या ऑक्टोबरपासून नॅशनल डेची आठवडाभर सुट्टी लागते. आम्ही चार भारतीय पोरं-पोरी यीवूला गेलो, बुलेट ट्रेननं तासाभराच्या आत. यीवू म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं होलसेल मार्केट, भारतातले व्यापारी भरपूर, त्यामुळं भारतीय हॉटेलं आणि किराणा दुकानं आहेत. तूरडाळ, हिंग, मोहरी घेतली आणि एका हॉटेलात डाळ-भातावर असे तुटून पडलो की शेजारच्या टेबलावरचे सुरतचे काका विचारायला आले, कितव्या दिवशी जेवताय म्हणून. सुट्टीतली तिकिटं १५ दिवस आधी विक्रीला निघतात आणि लगेच संपतात, तेवढं लक्षात ठेवा. माझा पासपोर्ट अजून पोलिसांकडंच होता पण रेल्वेला ती पावती चालते, फक्त ऑटोमॅटिक गेटऐवजी माणूस बसलेल्या गेटमधून जायचं.

सुट्टीनंतर पासपोर्ट आला, आत परमिटचं पान चिकटवलेलं. त्याच दुपारी सिमचं नाव बदललं, संध्याकाळपर्यंत ॲपला बँक जोडली गेली. नवीन परमिट मिळाल्यावर राहण्याची नोंद परत एकदा करायला लागते, ते हॉस्टेल ऑफिसात जाऊन आठवणीनं सांगा.

सामानाचं राहिलं. पांढऱ्या बॅकग्राउंडचे पासपोर्ट फोटो ढीगभर आणा, डिग्रीच्या ओरिजिनल आणा, गादी-उशी आणू नका, इथं कॅम्पसवर मिळते. पातळ असते, पहिले काही दिवस पाठ कुरकुरते. आणि कुकर आणू नका. खोलीत इंडक्शन, हीटर काहीही चालत नाही, हॉस्टेलच्या मावशी सायरन नसला तरी वासावरून येतात, कुकर घेऊन जातात, आणि सेमिस्टर संपल्यावर घासूनपुसून परत देतात.