तीन बैलांचं अक्षर

पुतण्या ओसाकाला कारखान्यात आहे. गेल्या आठवड्यात त्यानं व्हॉट्सॲपवर एका हॉटेलच्या पाटीचा फोटो टाकला. वर एक, खाली दोन, अशी तीन सारखीच चिन्हं रचून केलेलं एकच अक्षर. खाली लिहिलेलं, "काका, हे तीन बैल. आबांना दाखवा."

विट्यात माझं पेंडीचं दुकान आहे, आबा दुपारी तिथंच टेकतात. चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघितलं. "बैल म्हणतोस, मग दुसरं शिंग कुठं गेलं?"

प्रश्न बिनतोड. तीन हजार वर्षांपूर्वी चिनी लोक हाडांवर अक्षरं कोरायचे, त्यात बैलाची दोन्ही शिंगं झोकात वर वळलेली असत. आता चार रेघांचा बैल झाला आणि डावीकडं एक तिरकी रेघ तेवढी उरली. तीन बैल म्हणजे रेघा 12.

चिनी माणूस हे अक्षर 'पन्' असं वाचतो. रोमन लिपीत ते 'बी'नं लिहितात, पण कानाला 'प'च लागतो. सूर वरचा, सपाट, मध्ये हलवायचा नाही. अर्थ, गुरं बुजून धावत सुटणं. आपल्याकडं बैल आधी बुजतो, मग उधळतो. त्यांनी दोन्ही एकातच बसवलंय. नुसत्या धावण्यासाठी त्याच उच्चाराचं दुसरं अक्षर वापरात आहे, तीन बैलांचं आता माणसांच्या नावांत आणि दुकानांच्या पाट्यांवरच जास्त.

जपानात तेच अक्षर 'होन' होतं, थेट महाराजांच्या नाण्यासारखं. त्यांचा स्वतःचा उच्चार मात्र 'हिशिमेकु', आणि अर्थ गर्दीतली रेटारेटी. खरसुंडीच्या यात्रेत खिलारांच्या दावणीतून वाट काढलेल्याला तो वेगळा सांगायला नको.

आबांनी जपानच्या बाजूनं निकाल दिला. "पळायला जोडी लागती. तीन आले की खेटाखेटीच."

तीन मेंढ्यांचंही अक्षर आहे म्हणे, अर्थ मेंढीचा उग्र वास. त्यावर आबा इतके हसले की ठसका लागला.

ते हॉटेल कसल्या मांसाचं, हे मी आबांना सांगितलेलं नाही. कारण बेंदराला आपल्या बैलाच्या पाठीवर ते अक्षर गेरूनं काढायचं त्यांनी ठरवलंय. तीन नकोत, दावणीला एकच आहे. आणि शिंगं दोन्ही काढायची.