त्याची पत्रिका कुणी मागितलीच नव्हती

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

गुरू मिथुनेत आहे तोवर, म्हणजे जूनच्या सुरुवातीपर्यंत, बाळासाठीचे प्रयत्न सोडू नका, असं सरांनी सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत की तपासण्या सुरू करायच्या, उगाच महिने घालवायचे नाहीत. पंचांग आणि सोनोग्राफी दोघांनीही 'आत्ताच' म्हणावं हे नशीबच माझं. उलटं असतं, तर आमच्याकडे कुणाचं ऐकायचं यावरून रामायण झालं असतं.

सर म्हणजे आत्याच्या शाळेतले गणिताचे निवृत्त शिक्षक. पत्रिका बघतात, पैसे घेत नाहीत, अंगठ्या-खडे सांगत नाहीत. माझी पत्रिका आईने जुन्या पाकिटात जपून ठेवलेली, लाल शाईची, कोपऱ्यावर हळदीकुंकवाचे डाग पडून कागद तिथे जाड झालेला. सिंह लग्न (जन्मवेळी उगवणारी रास), पंचमात शनी. हे दोन शब्द ऐकले की माणसं 'च्च' करतात. खरं तर १९८९ च्या नोव्हेंबरात जन्मलेल्या प्रत्येकाचा शनी धनूतच आहे, माझ्या जवळजवळ सगळ्या वर्गाचा. मी मध्यरात्री जन्मले म्हणून तो पंचमात, संतानस्थानात येऊन बसला, एवढंच. आणि 'च्च' करणाऱ्यांना त्याच्या बरोबर समोर, अकराव्यात मिथुनेचा गुरू बसून पंचमाकडे पूर्ण दृष्टीने बघतोय, हे कधी दिसलं नाही. सरांना ते आधी दिसलं. "शनी नाही म्हणत नाही, बाळ. उशीर करतो," म्हणाले.

त्यांचा जूनचा हिशेब असा. शनी गेल्या मार्चपासून मीनेत आहे, तिथून त्याची दहावी दृष्टी, म्हणजे दहाव्या राशीवर पडणारी नजर, धनूवर येते. गुरू मे २०२५ मध्ये मिथुनेत आला, त्याची सातवी दृष्टीही धनूवरच. दोघंही एकाच वेळी पंचमाकडे बघतात तेव्हा त्या स्थानाची फळं मिळतात, असा ज्योतिषांचा आडाखा. मधे ऑक्टोबरात गुरू कर्केत जाऊन आला, डिसेंबरात वक्री, म्हणजे उलट्या चालीने परतला, जूनमध्ये पुन्हा कर्केत जाणार. मी हे सगळं इतकं लक्षपूर्वक ऐकत होते की आत्या गालात हसत होती.

आता मला यातलं किती पटतं? खगोलशास्त्रज्ञ नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलनवाले दाभोलकर, ज्योतिषाची चिकित्सा करणारे घाटपांडे या मंडळींनी पुण्यात घेतलेली चाचणी मला माहीत आहे. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायला दिल्या, २७ ज्योतिषांची उत्तरं आली, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर जरा बरे मार्क पडले असते. त्यामुळे जूनच्या आत होईलच असं मी धरून चाललेले नाही. पण 'उशीर' हा शब्द सरांच्या तोंडून आला तेव्हा त्यात दोष कुणाचाच नव्हता, तो नुसता एक ग्रह होता. हाच शब्द लग्नकार्यात काकू-मावश्यांकडून येतो तेव्हा त्यात माझी नोकरी असते, माझं एम.एस्सी. असतं, फ्लॅटचे हप्ते असतात.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

सरांनी माझी पत्रिका बाजूला ठेवली आणि विचारलं, "जावईबापूंची कुठाय?" आम्ही नेलीच नव्हती. सासूबाईंनी निघताना माझीच तेवढी आठवणीने पिशवीत घालायला लावली होती. गुण जुळवताना एवढी घासाघीस झाली, नाडी वेगळी म्हणून ८ गुण पूर्ण मिळाले याचा केवढा आनंद झाला, आणि आता नवऱ्याच्या पत्रिकेची कुणाला आठवणही नाही. सर म्हणाले, "क्षेत्र बघायचं आणि बीज नाही बघायचं? हे कुठलं गणित?"

पाठकोऱ्या कागदावर त्यांनी मांडून दाखवलं. बाईचं क्षेत्रस्फुट म्हणजे चंद्र, मंगळ आणि गुरू यांच्या अंशांची बेरीज. पुरुषाचं बीजस्फुट म्हणजे रवी, शुक्र आणि गुरू यांची. ३६० च्या वर गेलं की ३६० वजा करायचे. क्षेत्राला सम राशी, सम नवांश (राशीचा नववा भाग) चांगला. बीजाला विषम राशी, विषम नवांश. शास्त्र करणाऱ्यांनी दोन्ही बेरजा सांगून ठेवल्यात. एक गाळली ती आपण, घरोघरी.

माझं क्षेत्र चांगलं निघालं. याची पत्रिका मग फोनवर मागवली, बीज 'मध्यम' आलं. राशी विषम, नवांश सम.

गंमत पुढे आहे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. माझं एएमएच (बीजांडांच्या साठ्याची रक्तचाचणी) झालं, फॉलिक्युलर स्टडीच्या सोनोग्राफीसाठी दिवसाआड सकाळी खेपा झाल्या, बीजांडाची पिशवी (फॉलिकल) किती मिलिमीटर वाढली ते मला तोंडपाठ झालं, नळ्यांचा एक्सरे झाला (तो दुखतो. 'थोडंसं अनकम्फर्टेबल' वगैरे काही नाही, दुखतो). याची वीर्यतपासणी मात्र 'पुढच्या आठवड्यात' होती. जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं, हे डॉक्टरांनी आकृती काढून सांगितलं होतं, तेव्हा हा मान डोलावत होता. हलला तो सरांच्या 'मध्यम'ने. दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये गेला. ज्योतिषाला हसणारा माणूस! मी काही बोलले नाही, रिक्षासुद्धा मीच बुक करून दिली.

रिपोर्ट आला. संख्या ठीक, हालचाल कमी. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं नाही, सिगारेट बंद, मांडीवर लॅपटॉप बंद, तीन महिन्यांनी परत तपासू, कारण शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात. शनी एका राशीत अडीच वर्षं, हे अडीच महिने. परत तपासणी मेमध्ये, म्हणजे जूनच्या आत. मी पटकन मोजलंच मनात.

जुन्या ग्रंथांतल्या सोळा रात्रींबद्दलही सरांनी सांगितलं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून सोळा रात्री ऋतुकाल, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. डॉक्टरांच्या तक्त्यात बीजांड बाहेर पडायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात तो सहा दिवसांचा तुकडा सोळांच्या आत बसतो. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी हेही त्यातच आहे. ते सरांनी सांगितलं नाही, आत्यानेही नाही, आणि दोघांची मी आभारी आहे.

सासूबाईंना रिपोर्टचं अजून माहीत नाही. काल त्यांनी मला गुरुवार धरायला सांगितलं, गुरूचं बळ वाढावं म्हणून. पण गुरू दोन्ही बेरजांत आहे, मग गुरुवार माझ्या एकटीचा कसा? याला तसं म्हटलं, तर बराच वेळ वाटाघाटी करून कबूल झाला. चहा चालेल, या अटीवर. येत्या गुरुवारी साबुदाणा दोघांपुरता भिजवायचा, आणि सासूबाईंनी 'तू कशाला रे?' विचारलं की उत्तर त्याने द्यायचं, असं ठरलंय.