कडू किती, राय किती

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या मंडळींना हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचं, भारी वेड. मीही त्यातलाच. पण मिनियापोलिसच्या थंडीत राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य, घातलेली बिअर करायची ठरवली, तेव्हा एक गोष्ट आधीच पक्की केली: राय जिभेला कळली पाहिजे. विकत मिळणाऱ्या कित्येक राय आयपीएमध्ये (आयपीए म्हणजे हॉप्सचा भरपूर मारा असलेली बिअर) राय लेबलवरच असते. घोट घेतला की आधी हॉप्स, मागून पुन्हा हॉप्स.

(भारतातले मित्र हमखास विचारतात म्हणून सांगून टाकतो. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्र सरकारनं १९७८च्या कायद्यानं मोकळीक दिली. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत करता येते, विकता येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी पातेलं चढवू नका.)

सुरुवात दाणे चावण्यापासून केली. होमब्रूच्या, म्हणजे घरगुती बिअरच्या सामानाच्या, दुकानात माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) सुटं मिळतं आणि चिमूटभर तोंडात टाकलं तर कुणी हटकत नाही. बार्लीचं माल्ट गोडसर, बिस्किटासारखं. रायचं कोरडं, किंचित मातकट आणि शेवटी जरासं मिरमिरणारं. ‘राय म्हणजे मसालेदार’ असं सगळे म्हणतात, पण त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा राय ब्रेड असतो. त्या ब्रेडचा वास बराचसा कॅरवेचा, म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या गोत्रातल्या दाण्यांचा. नुसत्या रायचा स्वभाव त्याहून खूपच शांत आहे, आणि म्हणूनच हॉप्स तिला सहज दाबून टाकतात.

१९ लिटरसाठी हिशेब असा बसवला: ३.६ किलो पेल माल्ट (बार्लीचं फिकं माल्ट), १ किलो राय माल्ट, पाव किलो क्रिस्टल ४० (कॅरमेलसारखं गोडसर माल्ट). म्हणजे राय साधारण २० टक्के. दहाच्या खाली मला ती लागतच नाही. क्रिस्टल मुद्दाम कमी ठेवलं, कारण रायमुळे बिअरला अंगचाच एक गुळगुळीत भरीवपणा येतो. त्यात कॅरमेलचा गोडवा वाढला की ती जड होते.

हॉप्सवर मात्र मी बराच वेळ घालवला. कागदावर वास कळत नाही, म्हणून एक जुनी युक्ती केली. स्वस्तातल्या, चव नसलेल्या लागर बिअरच्या बाटल्या आणल्या, प्रत्येकीत एकेका जातीच्या हॉप्सच्या दोन-तीन गोळ्या टाकल्या, पुन्हा बूच ठोकून फ्रीजमध्ये ठेवल्या. गोळी पडताक्षणी फेस उसळून वर येतो, त्यामुळे हे काम सिंकमध्ये आणि झटपट करायचं. काही दिवसांनी गाळून त्या बिअरचे घोट राय ब्रेडच्या तुकड्यासोबत घेतले. कोलंबस उग्र निघाला, राय कुठे गेली पत्ताच नाही. विलामेट सौम्य आणि मातकट. रायही मातकट, त्यामुळे दोन्ही मिळून ओल्या पालापाचोळ्याकडे झुकायला लागलं. कॅस्केड बसला. ग्रेपफ्रूटच्या सालीचा आणि फुलांचा त्याचा वास वरच्या वर राहतो, खाली रायला जागा उरते. १९७२ साली ओरेगनमधून बाहेर आलेली ही जात, आजच्या फॅशनमध्ये जुनाट समजली जाते. समजोत.

उरला कडूपणा. हॉप्समधलं अल्फा आम्ल उकळताना बदलतं आणि मग पाण्यात उतरतं. तासभर उकळलं तर त्यातलं जेमतेम २२ टक्के कामी येतं, पाच मिनिटांत चार-पाच टक्केच. म्हणून कडूपणाचं काम मॅग्नम या हॉप्सच्या जातीकडे दिलं: १२ टक्के अल्फा आम्लाचा, चवीला स्वच्छ, १५ ग्रॅम, ६० मिनिटं. पुढे कॅस्केड २० ग्रॅम शेवटच्या पंधरा मिनिटांना आणि ३० ग्रॅम शेवटच्या पाच मिनिटांना. बेरीज ३२ आयबीयूच्या (कडूपणा मोजायच्या एककाच्या) आसपास. सुरुवातीचं गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता, त्यावरून साखर कळते) १.०५४ धरलं, म्हणजे शेवटच्या ५४ ला ३२, गुणोत्तर ०.६. अमेरिकी पेल एल ही हॉप्सवाली बिअर करणाऱ्यांना हे कमी वाटेल. पण रायचा कोरडेपणा शेवटी स्वतःच थोडा कडूपणाचा भास देतो, आकड्यात न दिसणारा. त्याच्यासाठी जागा सोडावीच लागते. पाण्यातही जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) हात आखडता घेतला आणि कॅल्शियम क्लोराइड जवळजवळ तेवढंच टाकलं. सल्फेट वाढलं की हॉप्सना धार चढते.

रायच्या दाण्याला बार्लीसारखं टरफल नसतं, आणि बीटा-ग्लुकन या चिकट घटकामुळे तिचा मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला भरडा, खळीसारखा चिकट होतो. वर्ट, म्हणजे त्यातून निघणारा गोड रस, खाली उतरेचना, असं व्हायला नको म्हणून दोन उपाय केले. आधी ४५ अंशांवर वीस मिनिटं थांबलो, मग ६७ अंशांवर तासभर. शिवाय पाव किलो भाताची तुसं धुऊन मिसळली. ती इथे पिशवीत बंद, किंमत लावलेली मिळतात. आईला फोनवर सांगितलं तर ती हसायचीच थांबेना: गावी गिरणीमागे ढीग पडलेला असतो, वीटभट्टीवाले भरून नेतात, आणि तू डॉलर मोजतोस? मोजतो. वर्ट तळातून सरळ धारेनं उतरतं तेव्हा ते पैसे वसूल होतात.

पुढचं सगळं सरधोपट. तळघरात १८ अंशांवर साधं अमेरिकी एल यीस्ट, शेवटचं गुरुत्व १.०१२, अल्कोहोल साडेपाच टक्के. ड्राय हॉपिंग, म्हणजे थंड बिअरमध्ये वासासाठी पुन्हा हॉप्स टाकणं, केलं नाही.

ग्लासात किंचित गढूळ, तांबूस. फेस दाट आणि बराच वेळ टिकणारा. नाकाला आधी कॅस्केड, तोंडात राय, आणि गिळल्यावर दोघांचा मिळून एक कोरडा, कडसर शेवट. हॉप्सवेड्या मित्राला ती ‘जरा मवाळ’ वाटली, पण दुसरा ग्लास त्यानंच आधी मागितला. महिन्याभरात कॅस्केडचा वास ओसरायला लागतो, तेव्हा ही साठवून ठेवायची बिअर नव्हे. पुढच्या खेपेला राय २५ टक्क्यांवर नेतोय. हॉप्सना हात लावणार नाही, तुसं मात्र मूठभर जास्त.