गावच्या वाचनालयात कोहा: दाखल नोंदवहीपासून देवघेवीपर्यंत

न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ ग्रंथालय ट्रस्टची जुनी संगणक प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती. ट्रस्टने नवी विकत न घेता कोहा ही ग्रंथालयाची यादी आणि देवघेव सांभाळणारी प्रणाली तयार करून घेतली, जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि मुक्त परवान्यावर सगळ्यांना देऊन टाकली. माओरीत कोहा म्हणजे भेट. आमच्या गावच्या वाचनालयात ती बसवताना पैसे लागले ते जुन्या संगणकाला एसएसडी (वेगवान डिस्क), बारकोड स्कॅनर आणि स्टिकर यांचेच.

डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीवर कोहा बसवणं सोपं. आम्ही वाचकांचं पान ८० पोर्टवर (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार), कर्मचाऱ्यांचं ८०८० वर ठेवलं. ही पानं दाखवणाऱ्या अपाचे या वेब सर्व्हरला ८०८० पोर्ट ऐकायला सांगायचं राहिलं, तर दुसरं पान उघडतच नाही.

खरी मेहनत यादीची. आमची यादी श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ती युनिकोडमध्ये बदलली, तरी ‘ऱ्या’ दोन प्रकारे आला: कुठे ‘ऱ’ला हलन्त, कुठे ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे हे चिन्ह). डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधाला वेगळे. आधी शोधा-बदला करून सगळीकडे एकच रूप ठेवलं. एक्सेलमधून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) काढली की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. यूटीएफ-८ असलेला पर्यायच निवडायचा.

ती फाइल मार्कएडिट या मोफत प्रोग्राममध्ये घालून मार्क नोंदी केल्या. मार्क हा ग्रंथनोंदीचा प्रमाण साचा, त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचं क्षेत्र असतं: लेखक १०० मध्ये, शीर्षक २४५ मध्ये, प्रतीची माहिती ९५२ मध्ये. ९५२ च्या ‘पी’ उपक्षेत्रात बारकोड जातो. तिथे आम्ही दाखल नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांकच ठेवला, म्हणजे नोंदवही आणि संगणक यांची फारकत होत नाही. ‘ए’ आणि ‘बी’ मध्ये शाखेचा संकेत कोहातल्यासारखाच हवा, नाहीतर नोंद आत जाते पण प्रत लागत नाही. दुसरी गफलत: यादीत एका कादंबरीच्या ५ प्रती म्हणजे ५ ओळी, त्यामुळे ५ स्वतंत्र नोंदी तयार होतात. त्या नंतर एकत्र करता येतात, पण हाताने. एक्सेलमध्येच लेखक आणि शीर्षकानुसार लावून घेतलं असतं तर बरंच वाचलं असतं. पहिल्यांदा ५० पुस्तकांचीच फाइल चढवा. कोहात चढवलेला गठ्ठा मागे घेता येतो.

एवढं करून मराठी शब्द शोधला तर निकाल शून्य. झेब्रा या शोधयंत्राच्या मूळ मांडणीत देवनागरी शब्द नीट तुटत नाहीत. डिफॉल्ट अनुक्रमणिकेच्या फाइलीत अक्षरतक्त्याच्या जागी आयसीयूची (युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या संचाची) साखळी लावली आणि अनुक्रमणिका पूर्ण नव्याने बांधली. नुसती फाइल बदलून काहीच होत नाही.

देवघेवीचे नियम भरल्याशिवाय कोहा पुस्तक देत नाही: कोणत्या सभासदाला किती पुस्तकं, किती दिवस. स्कॅनर संगणकाच्या लेखी कीबोर्डच असतो, त्यामुळे मराठी लेआउट चालू असताना स्कॅन केलं की बारकोड भलत्याच अक्षरांत उमटतो. काउंटरवर इंग्रजी लेआउटच ठेवा.

बॅकअप कोहा रोज आपोआप घेते, पण मूळ मांडणीत दोनच दिवसांचे ठेवते. बिघाड तिसऱ्या दिवशी लक्षात आला तर चांगली प्रत गेलेली असते. आम्ही दर शनिवारी पेनड्राइव्हवर उतरवतो आणि तो घरी नेतो. दाखल नोंदवही मात्र हातानेच, शाईने.