एकादशीच्या सकाळची गोळी

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातील एका मंडळाच्या सभागृहात मी दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेदहाला हालचालींच्या विकारांनी त्रस्त असलेल्या प्रौढांचा व्यायामवर्ग घेते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्गात त्या वेळी अकरा जण येत होते. त्यांपैकी आठ जणांना पार्किन्सन्स म्हणजे कंपवात होता, एका बाईंचा लहान मेंदू बाधित झाल्यामुळे होणाऱ्या अटॅक्सियाने तोल जात असे, एका गृहस्थांची मान डिस्टोनियामुळे एका बाजूला ओढली जाई, आणि एका आजोबांना केवळ हातांचा कंप होता. निम्मी मंडळी मराठी, निम्मी गुजराती. वर्गात दोन्ही भाषा चालतात आणि मोजणी ज्याला जी येईल ती, मात्र मोठ्याने. मोठ्याने मोजण्याचा आग्रह मी मुद्दाम धरते, कारण पार्किन्सन्समध्ये हालचालीबरोबर आवाजही लहान होत जातो, आणि तो लहान झाला आहे हे ज्याचे त्याला कळत नाही.

29 जून 2023 रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या. सुट्टी असल्यामुळे पोहोचवायला मुले-सुना मोकळ्या होत्या आणि पाऊस असूनही अकराही जण हजर होते. महिन्याचा शेवटचा गुरुवार हा आमचा मोजमापाचा दिवस असतो. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे आणि मी घड्याळावर सेकंद मोजायचे, अशी ती साधी चाचणी. साधी असली तरी तिच्यात सगळे येते: उठणे, पहिले पाऊल, वळण आणि खुर्चीचा अंदाज.

पहिला क्रमांक नेहमीप्रमाणे निवृत्त मुख्याध्यापकांचा. मागचे सहा महिने त्यांना या फेरीला चौदा-पंधरा सेकंद लागत होते. त्या दिवशी ते तिसऱ्या प्रयत्नात खुर्चीतून उठले, दोन पावले टाकली आणि वळणावर त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले. धड पुढे जात होते आणि पाय मागे राहिले होते. मी कमरेचा पट्टा धरून उभी होते, म्हणून ते पडले नाहीत. घड्याळाने एकेचाळीस सेकंद दाखवले. त्यांच्यानंतर बँकेतून निवृत्त झालेले काका, मग राजमहाल रोडच्या एक बेन, मग आणखी दोघे. पाचही जणांची तीच अवस्था. वर्गात एखाद्याचा दिवस वाईट असणे नवे नाही, परंतु एका सकाळी पाच जण इतके जड झालेले मी कधी पाहिले नव्हते.

माझे पहिले तर्क सगळे चुकले. आधी मला वाटले, ओलसर फरशीमुळे मंडळी धास्तावली आहेत. म्हणून फरशी पुसून घेतली. मग वाटले, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या उखडल्या असतील. एकेका पावलाच्या अंतरावर चिकटवलेल्या या पट्ट्या पाय अडकणाऱ्यांना मोठा आधार देतात. निरोगी माणसाचे चालणे मेंदूच्या आतल्या गाभ्यातून आपोआप चालू राहते. पार्किन्सन्समध्ये मेंदूतले डोपामिन हे रसायन कमी पडल्यामुळे तो आपोआपपणा जातो, पण समोर ओलांडायला रेघ दिसली किंवा कानावर ठेका पडला की मेंदू दुसऱ्या वाटेने तेच पाऊल टाकू शकतो. पट्ट्या जागेवर होत्या. मी टाळीचा ठेका दिला, सर्वांकडून 'एक-दोन' म्हणवून घेतले. एरवी इतक्यावर पाय सुटतात. त्या दिवशी तेवढ्यापुरते सुटत आणि पुन्हा चिकटत.

शेवटी मी मोजमाप थांबवून सर्वांना बसवले आणि रक्तदाब घेऊ लागले. मुख्याध्यापकांचा बसून घेतलेला वरचा आकडा 124 होता. उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत तो 98 झाला. सकाळपासून त्यांनी पाणी फारसे घेतले नव्हते. उपवासाच्या दिवशी त्यांच्या घरी पाणीही बेतानेच घेतले जाते, असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "म्हणजे उपासाचा अशक्तपणा आहे हो ताई," बँकेतल्या काकांनी निष्कर्ष काढला आणि मला तो क्षणभर पटलाही.

तो खोडून काढला अटॅक्सिया असलेल्या बाईंनी. वयाने त्या वर्गात सर्वांत लहान, एरवी शांत. त्या म्हणाल्या, "पण ताई, उपास माझाही आहे. माझं चालणं रोज जसं वाईट असतं तसंच आज आहे, जास्त नाही." मी वहीत पाहिले. खरेच होते, त्यांची वेळ मागच्या महिन्याइतकीच होती. डिस्टोनियाचे गृहस्थ सकाळपासून केवळ चहावर होते, त्यांच्यातही फरक नव्हता. जड झाले होते ते फक्त पार्किन्सन्सचे लोक, आणि त्यांच्यातलेही आठपैकी पाचच. अशक्तपणा असता तर त्याने आजार पाहून माणसे निवडली नसती.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मी इतक्या वर्षांत विचारलाच नव्हता. दर वेळी मी विचारत आले होते, "गोळ्या वेळेवर घेता ना?" आणि दर वेळी सर्वांनी खरेपणाने "हो" म्हटले होते. त्या दिवशी मी विचारले, "आज सकाळची गोळी किती वाजता घेतली आणि कशाबरोबर?"

मुख्याध्यापकांच्या पत्नी म्हणाल्या, "उपाशीपोटी गोळी नको म्हणून पेलाभर दुधाबरोबर दिली. एकादशीला नेहमी अशीच देते." बँकेतल्या काकांनी आधी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, शेंगदाण्याचे कूट घालून, आणि लगेच त्यावर गोळी. बेननी राजगिऱ्याच्या पुऱ्या आणि वाटीभर दही. चौथ्यांचीही खिचडीच. पाचवे काका बराच वेळ खाली पाहत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "मी घेतलीच नाही. औषधाने उपास मोडतो असं आमच्या घरात मानतात." सहाव्या काकूंचाही उपवास होता आणि त्या मात्र नेहमीसारख्या चालल्या होत्या, त्यांनी पहाटे सहाला पाण्याबरोबर गोळी घेतली होती आणि फराळ पूजेनंतर आठ वाजता केला होता. राहिलेले दोघे उपवास करतच नव्हते.

ज्यांना याचे कारण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते, कारण हे प्रत्येक घरात कळले पाहिजे असे मला मनापासून वाटते. पार्किन्सन्सचे मुख्य औषध लेव्होडोपा. ते लहान आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाहकांवर बसून जाते, त्याच वाहकांवर प्रथिनांपासून निघणारी काही अमिनो आम्लेही बसतात. दूध, दही, शेंगदाणे पोटात एकाच वेळी असले की जागेसाठी ओढाताण होते आणि गोळी उशिरा लागू पडते, कमी लागू पडते, कधी त्या वेळेपुरती लागूच पडत नाही. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत हे जाणवत नाही. पुढे, गोळीचा अंमल चढला-उतरला की लगेच कळू लागते, तेव्हा हा फरक मोठा होतो. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने पाण्याबरोबर घ्यावी असे सांगतात, आणि उपाशीपोटी मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून एखादे फळ थोडेसे तोंडात टाकावे. प्रथिने बंद करायची नसतात. वेळ वेगळी करायची असते.

आपल्या उपवासाचे पदार्थ आठवून पाहिले तर अंगावर काटा येतो. इतर दिवशी सकाळी पोहे किंवा भाकरी असते; उपवासाला नेमके दूध, दही आणि शेंगदाण्याचे कूट. वर्षाला चोवीस एकादश्या, शिवाय चतुर्थ्या आणि श्रावणी सोमवार. आजार 'वाढला' म्हणून घाबरून दवाखान्यात येणाऱ्या किती जणांचा तो दिवस उपवासाचा असेल, हे मी कधी पाहिले नव्हते, आणि तो दोष सर्वस्वी माझा होता. माझ्याकडे आकड्यांची वही होती, पण तिच्यात वेळेचा आणि अन्नाचा रकाना नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली. पत्नीच्या ध्यानात हे का आले नाही, असे मी मुख्याध्यापकांच्या घरी विचारणार होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "हात तर थरथरत नव्हता आज, म्हणून मला वाटलं बरे आहेत." आपण या आजाराला कंपवात म्हणतो, 1817 साली जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये लिहिलेल्या निबंधाच्या मथळ्यातही थरथरच होती, आणि त्यामुळे घरची माणसे हाताकडे पाहत राहतात. माणूस मंदावतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, पाऊल आखूड होते, ते 'वयामुळे' या खात्यात जाते.

औषधात ढवळाढवळ करण्याचा मला अधिकार नाही. म्हणून मी पाचही जणांच्या डॉक्टरांना एकेक फोन लावले. सणाची सुट्टी असूनही चौघांनी उचलले. चुकलेली गोळी भरून काढायला एकदम दोन घ्यायच्या नाहीत, पुढची गोळी पाण्याबरोबर ठरल्या वेळी घ्यायची, असे उत्तर आले. ज्या काकांनी गोळी घेतलीच नव्हती त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना लगेच एक घ्यायला सांगितली आणि मला बजावले की हे औषध अचानक बंद करणे धोक्याचे असते. फार काळ बंद राहिले तर ताप चढून, अंग आखडून जिवावर बेतू शकते. उरलेल्या एकाच्या डॉक्टरांचा फोन लागला नाही. त्यांच्या पुढच्या गोळीला वीसच मिनिटे होती.

घरी जायला कोणी तयार नव्हते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत सर्वांनी पाणी पिऊन आपापल्या गोळ्यांच्या वेळा फळ्यावर लिहायला सुरुवात केली. मी दवाखान्यात एकेकट्याला अर्धा तास देते. त्या अर्ध्या तासात जे कधी बाहेर आले नव्हते ते त्या एका तासात आले. कोणी गोळी चहात बुडवून घेत होते. कोणी दुपारची गोळी झोपमोड नको म्हणून पुढे ढकलत होते. बेन म्हणाल्या, "रात्रीची गोळी मी वाचवून ठेवते, लग्नकार्याला लागेल म्हणून." पहाटे सहाला गोळी घेणाऱ्या काकूंना सर्वांनी विचारले की हे तुम्हाला कोणी सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "कोणी नाही. दोनदा पडले, मग माझं मीच शोधून काढलं." हे त्यांनी वर्षभर माझ्यासमोर बसून मला सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते.

पाऊण तासाने मुख्याध्यापक कोणी न सांगता खुर्चीच्या कडेवर सरकले, पाय मागे घेतले, नाक अंगठ्यांच्या पुढे नेले आणि उठले. मी घड्याळ लावले. अठरा सेकंद. वळणावर त्यांनी मोठ्याने "एक, दोन" म्हटले ते सभागृहाच्या दारापर्यंत ऐकू आले.

गोळी न घेणाऱ्या काकांचे मन वळवणे सोपे नव्हते, आणि मी ते वळवू शकले असते असे मला वाटत नाही. ते काकूंनी केले. "देवापुढच्या तांब्यातलं पाणी घ्या आणि त्याबरोबर गिळा," एवढेच त्या म्हणाल्या. ते आता तसेच करतात.

त्यानंतर माझ्या वहीत दोन रकाने वाढले, आणि एकादशीच्या आदल्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला फोन करायचे काम डिस्टोनियाच्या गृहस्थांनी आपणहून अंगावर घेतले. 23 नोव्हेंबरला, पुन्हा गुरुवारी, कार्तिकी एकादशी आली. विठ्ठलनाथजींच्या वरघोड्यामुळे, म्हणजे देवाच्या मिरवणुकीमुळे, रस्ते वळवलेले होते आणि मंडळी उशिरा पोहोचली. सहा जणांचा उपवास होता. सहाही जणांच्या गोळ्या पाण्याबरोबर, फराळाच्या आधी. पाच जण नेहमीसारखे चालले. बँकेतले काका तरीही दारातच अडकले. वही पाहिली, वेळ बरोबर, पाणी बरोबर, फराळ तासाभराने, रक्तदाबही ठीक. काहीच चुकलेले नव्हते. मी उंबऱ्याच्या अलीकडे एक पिवळी पट्टी चिकटवली, बेननी टाळी धरली, आणि आम्ही त्यांना आत घेतले.